बाईक चालवता येते, तरी शिकायला गेले

शेवंती

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा माझा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

अठरा वर्षं अ‍ॅक्टिव्हा चालवतेय. नाशिकचा गंगापूर रोड, कॉलेज रोड, द्वारका चौकाचा चक्रव्यूह, सगळं त्यावरच. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने हंटर ३५० मोटरसायकल घेतली. त्याची अंबडला शिफ्ट असते, गाडी बरेचदा घरीच उभी. धाकट्या दिरांनी मला दोन संध्याकाळी मैदानावर शिकवली. शिकवली म्हणजे काय, "क्लच दाब, गिअर टाक, हळूहळू सोड, वहिनी घाबरू नका" एवढंच. गाडी बंद न पडता पुढे गेली की आली चालवता. तशी मीही शिकले.

यंदा आमच्या कॉलनीच्या महिला मंडळाने ठरवलं की पाडव्याच्या शोभायात्रेत बारा जणींनी नऊवारी नेसून बुलेट, हंटर जे असेल ते चालवायचं. मी उत्साहात हो म्हणून बसले.

फेब्रुवारीतली गोष्ट. संध्याकाळी सातला गंगापूर रोडवर यू-टर्न घेत होते. हँडल पूर्ण उजवीकडे वळलेलं, वेग चालण्याइतका. समोरून एक स्कूटर आली आणि मी सवयीने पुढचा ब्रेक दाबला. पुढचं काही कळलंच नाही. गाडी उजवीकडे आडवी, मी तिच्याबरोबर, पेट्रोलचा वास, आणि मागे हॉर्नची आरती. गाडी १८१ किलोची आहे हे माहितीपत्रकात वाचलं होतं, त्या दिवशी समजलं. हँडल धरून ओढत राहिले, तसूभर हलली नाही. कॉलेजच्या दोन पोरांनी उचलून दिली. त्यातला एक जाता जाता म्हणाला, "काकू, स्कूटीच बरी ना."

गुडघ्याला खरचटलं, ब्रेकचा लिव्हर वाकला, आरसा गेला. तेवढंच. पण पुढचे आठ दिवस मी त्या गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. वीस किलोमीटर सरळ रस्त्याला मला कधी भीती वाटली नव्हती, आता सोसायटीच्या गेटमधून वळताना तळहाताला घाम यायला लागला. आणि शोभायात्रेत दुसरं काय असतं? ढोलपथकाच्या मागे दोन तास मुंगीच्या पावलाने जायचं!

मग एक दोन रविवारांचा कोर्स सापडला. सकाळी सहा ते अकरा, साडेतीन हजार रुपये, नऊ जण. नवऱ्याने विचारलं, "चालवता येते की तुला, मग कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. आता देता येईल, म्हणून हे लिहितेय.

पहिला तासभर इंजिन सुरूच करू दिलं नाही. गाडी नुसती ढकलायची, डाव्या बाजूला उभं राहून, कंबर टाकीला टेकवून. मग सरांनी स्वतःची जुनी गाडी गवतावर आडवी केली आणि म्हणाले, उचला. पुरुषांनी जोर लावला, दोघांची पाठ धरली. मग त्यांनी दाखवलं. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये. उजवीकडे पडली असेल तर आधीच साइड स्टँड उघडून ठेवायचा, म्हणजे उभी केल्यावर पलीकडे पडत नाही. गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकवायचं, एक हात हँडलला, एक मागच्या लोखंडी कठड्याला, आणि मागे सरकत मांड्यांच्या जोरावर उठायचं. मी ५३ किलोची बाई. दुसऱ्या खेपेला उचलली. खरं सांगते, त्या क्षणी अर्धी भीती गेली. पडण्यापेक्षा पडल्यावर चारचौघांत हतबल होण्याचीच भीती जास्त होती.

मग हाफ क्लच. अ‍ॅक्सिलरेटर अजिबात न देता क्लच इतका हळू सोडायचा की गाडी नुसती थरथरली पाहिजे. ती जागा बोटांना सापडेपर्यंत तेच. पुढे कबड्डीच्या मैदानासारख्या चुन्याने आखलेल्या दोन रेषा, मधे दोन-अडीच फूट जागा, आणि त्यातून जो सगळ्यात उशिरा पोहोचेल तो जिंकला. पाय टेकला की बाद. इथे कळलं की हळू चालवताना इंजिन थोडं ओढतं ठेवायचं, क्लच अर्धा, आणि वेग मागच्या ब्रेकने आवरायचा. हँडल वळलेलं असताना चालण्याच्या वेगात पुढच्या ब्रेकला बोट लावायचं नाही. माझ्या गंगापूर रोडच्या नाटकाचा सगळा उलगडा या एका वाक्यात झाला.

यू-टर्नला सर आपण वळणार त्या बाजूला लांब उभे राहायचे आणि बोटं दाखवायचे. वळताना मोठ्याने आकडा सांगायचा. "चार!" "दोन!" मान वळल्याशिवाय आकडा दिसत नाही, आणि मान वळली की गाडी आपसूक मागे येते. खाली चाकापुढे बघितलं की गाडी तिथेच जाते.

दुसऱ्या रविवारी ब्रेक. ताशी ४० च्या वेगाने यायचं आणि रेषा आली की थांबायचं. माझी पहिली थांबण्याची लांबी २३ पावलं, कारण मी मागचाच ब्रेक चेपत होते आणि चाक घसटत होतं. दोन्ही ब्रेक, पुढचा एकदम न आवळता लिंबू पिळल्यासारखा दाबत दाबत वाढवायचा. अकराव्या खेपेला १३ पावलं. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, लागला तेव्हा लिव्हर बोटाखाली टरटर वाजला आणि मी घाबरून सोडूनच दिला. नऊपैकी सात जणांनी तो टरटराट आयुष्यात पहिल्यांदा अनुभवला. आणीबाणीच्या वेळी पहिल्यांदा कळला असता तर?

आता पाडव्याला अकरा दिवस आहेत. घरच्या घरी सराव काय करू? आणि नाशिकमध्ये अजून कोणी असं काही शिकलंय का?

येझदीवाला

ताई, लेखन आवडलं. पण राग मानू नका, हे सगळं पैसेवाल्यांचे खेळ. मी १९७९ साली गोल्फ क्लबच्या मैदानावर राजदूत शिकलो. शिकवणारा मित्र स्वतःच आदल्या महिन्यात शिकलेला. पडलो, उठलो, पुन्हा बसलो. पुढे येझदीवर कसारा घाट किती वेळा उतरलो याची गणती नाही, धुक्यात, पावसात. चौपदरी वगैरे काही नव्हतं तेव्हा. खरचटल्याशिवाय दुचाकी येत नाही.

सातपूरकर

काकांना +१. साडेतीन हजारात हेल्मेट आणि दोन महिन्यांचं पेट्रोल येतं. आरटीओत 8 काढून दाखवला की सरकार म्हणतं तुम्हाला येते. अजून काय पाहिजे?

शेवंती

सातपूरकर, तो आठ मी अ‍ॅक्टिव्हावर काढला होता, तोही दोनदा पाय टेकून. साहेबांनी मान डोलावली. ;)

येझदीवाला काका, राग कसला. फक्त एक विचारते. तुमच्याबरोबर १९७९ मध्ये शिकलेले सगळे अजून आहेत का?

येझदीवाला

नाहीत.

चाकोरीबाहेर

काकांच्या त्या एका शब्दावर काही लिहू नये असं वाटतंय, पण विषय निघालाय म्हणून. १९८१ साली अमेरिकेत हॅरी हर्ट या संशोधकाचा अहवाल आला. लॉस एंजेलिसमधल्या ९०० दुचाकी अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यातले ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. बरेच जण अपघाताच्या क्षणी पुढचा ब्रेक कमी आणि मागचा जास्त दाबून चाक घसटवत गेले होते. शेवंतीताईंची २३ पावलं म्हणजे हुबेहूब तेच.

पण दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मी कोर्सवाल्यांचा दलाल वाटेन. २०१० मध्ये कॉक्रेन या संशोधनांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने दुचाकी प्रशिक्षणावरच्या २३ अभ्यासांचा आढावा घेतला. प्रशिक्षणाने अपघात कमी होतातच असं छातीठोक सांगण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

माझं स्वतःचं घ्या. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर कॅलिफोर्निया सुपरबाईक स्कूलचे वर्ग भरतात, तिथे पैसे साठवून जाऊन आलो. वळणात नजर कुठे, गॅस कधी, उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल पुढे ढकलायचं, सगळं शिकलो. आलो तो हवेतच. तिसऱ्या आठवड्यात गिरणाऱ्याच्या रस्त्याला, टोमॅटोच्या दिवसांत, शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर चिखलाचे पट्टे पाडले होते. ताशी २५ ने घसरलो. कॉलरबोन. ट्रॅकवर चिखल नसतो हो! मी तिथे शिकलेलं कौशल्य इथे घेऊन आलो आणि नजर तिथेच विसरलो.

म्हणून मला ताईंचा कोर्स माझ्यापेक्षा भारी वाटतो. चालण्याच्या वेगाचं शिक्षण कोणाच्या डोक्यात जात नाही.

सातपूरकर

म्हणजे पुरावा नाहीच. मी तेच म्हणत होतो.

चाकोरीबाहेर

पुरावा नाही आणि उपयोग नाही, यात फरक आहे. पण असू दे.

क्लचवायर

गॅरेज आहे, म्हणून चार गोष्टी. "मला हाफ क्लच जमत नाही" म्हणणाऱ्या दहातल्या पाच जणांची गाडीच नीट लावलेली नसते.

शेवंतीताई, क्लचच्या लिव्हरला मुळाशी साधारण दोन-तीन मिलिमीटर ढिलाई पाहिजे. वायर जास्त ताणली असेल तर क्लच शेवटी शेवटी धरतो, बोटं सुटत आली की गाडी झटका देते. ढिली असेल तर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकत राहते. सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही अशी तक्रार घेऊन येतात, निम्म्या वेळा हीच भानगड. जुनी वायर आतून गंजून रखरखते. नवी टाकायला खर्च फार नाही आणि हात लोण्यासारखा चालतो.

ब्रेकचा लिव्हर बदललात तेव्हा तो कुठल्या कोनात बसवला? बहुतेक मेकॅनिक कंपनीतून आला तसा आडवा ठेवतात. सीटवर बसून हात सरळ ताणा, बोटं जिथे पडतात तिथे लिव्हर हवा, ब्रेकचाही आणि क्लचचाही. मनगट वर मोडत असेल तर दोन तास शोभायात्रेत क्लच दाबून हात भरून येईल. दहा मिनिटांचं काम, पाना आणि अंदाज लागतो. मागच्या ब्रेकचा पेडल पण बघा. पाय उचलावा लागत असेल तर हळू वेगात तुम्ही तो वापरणारच नाही.

आणि एबीएस पुढच्याच चाकाला आहे की दोन्हीला ते बघून घ्या. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून सक्तीचं झालं, पण काही मॉडेलांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मग मागचं चाक घसटणारच.

मोगरा

शेवंती, अगं मी तीन वर्षं नऊवारीत चालवतेय पाडव्याला. त्यामुळे माझं ऐक.

नऊवारी दिसते तशी गैरसोयीची नसते, काष्टा असल्याने पाय मोकळे. घोळ पदराचा. पदर कमरेला घट्ट खोचायचा आणि वर सेफ्टी पिन, एक नाही, तीन. पाठीवर लोंबता पदर फोटोला छान दिसतो आणि चाकात गेला की माणसाला ओढून पाडतो. काष्ट्याचं टोक चेनच्या बाजूला येणार नाही हे बसल्यावर मागून कोणालातरी बघायला सांग. डाव्या पायात चपला किंवा कोल्हापुरी नकोच, गिअरच्या पेडलवर अंगठा सोलतो. मी नऊवारीखाली चक्क बंद बूट घालते. सासूबाई पहिल्या वर्षी बोलल्या, आता नाही बोलत.

सायलेन्सरपासून उजवी पोटरी जप. भाजल्याची खूण अजून आहे माझ्या पायावर.

मखमलाबादी

अवांतर: सराव कुठे करता तुम्ही लोक? सिंहस्थाच्या कामांनी आमच्याकडचे रस्ते उकरून ठेवलेत. खडीवर चालवायचा कोर्स फुकटात चालू आहे.

सातपूरकर

=)) =))

रविवारी सकाळी मिसळीला जाणारे बुलेटवाले बघा, सगळे तज्ज्ञ तिथेच सापडतील.

द्राक्षबाग

चाकोरीबाहेर यांनी चिखलाचं लिहिलं म्हणून आमचीही बाजू. चिखल पाडतो हे खरं, चूक आमचीच. पण ट्रॅक्टरवर बसून बघा एकदा. मागे ट्रॉली भरलेली, कॅरेटची थप्पी डोक्याच्या वर, आरशात फक्त कॅरेट दिसतात. इंजिनचा आवाज, वर पोरं गाणी लावतात. तुमचा हॉर्न ऐकू येत नाही.

सध्या द्राक्षांचे दिवस, पिंपळगावकडे आणि दिंडोरीच्या रस्त्याला गर्दी असते. कोर्सात हे शिकवतात का माहीत नाही, म्हणून सांगतो. ट्रॉलीच्या मागे चिकटून राहू नका, तुम्हाला चालवणाऱ्याचं डोकं दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. उजव्या बाजूला शेताची वाट किंवा बांधावर माणूस उभा दिसला तर ओव्हरटेक करू नका. ट्रॅक्टर तिकडेच वळणार असतो. इंडिकेटर नसतो, कधी हात बाहेर येतो, कधी तोही नाही. आणि रात्री मागे लाइट नसलेली ट्रॉली असते. तुम्ही ६० ने येताय म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. काळी ट्रॉली तुमच्या दिव्यात दिसेपर्यंत अर्धा खेळ संपलेला असतो.

मी माझ्या ट्रॉलीला लाल रेडियमच्या पट्ट्या लावल्यात. गावात तिघांनी लावल्या. बाकीचे म्हणतात बघू.

चाकोरीबाहेर

साहेब, हा प्रतिसाद कोर्सात वाचून दाखवायला हवा.

शेवंती

सगळ्यांचे आभार. क्लचवायर, तुमचा अंदाज बरोबर निघाला. लिव्हर आडवाच होता आणि वायर ताणलेली. आता तीच गाडी दुसऱ्याच कोणाची वाटते.

मोगरा, तीन पिनांचं लक्षात ठेवलं.

एक अडचण. मंडळाच्या बैठकीत ठरलंय की सगळ्यांनी फेटा बांधायचा. मी म्हटलं, हेल्मेट घालणार. यावर अर्धा तास चर्चा. "एवढ्या हळू जायचंय, कशाला?" "फोटोत बारा फेट्यांत एक हेल्मेट कसं दिसेल?" काय करू?

येझदीवाला

फेटाच बांधा. परंपरा आहे.

मोगरा

काका, बुलेटची परंपरा कधीपासूनची?

चाकोरीबाहेर

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला सूट आहे. फेट्याला नाही. नाशिककरांना २०२१ च्या १५ ऑगस्टपासूनची 'नो हेल्मेट, नो पेट्रोल' मोहीम आठवत असेल, पंपावर हेल्मेट उसनं मागणारी रांगही आठवत असेल.

कायदा बाजूला ठेवा. ताई ज्या वेगात पडल्या तोच शोभायात्रेचा वेग आहे. उभ्या गाडीवरून डोकं डांबरावर आपटलं तरी उंची सव्वा मीटरच्या वर भरते.

सातपूरकर

इथे मात्र चाकोरीबाहेरशी सहमत. मेव्हणा सोसायटीच्या आवारात पडला होता, डोक्याला नऊ टाके.

शेवंती

पाडवा झाला. वृत्तांत.

सकाळी साडेसहाला निघालो. बारापैकी दोघींनी हेल्मेट घातलं, मी आणि बँकेतल्या एक ताई. आम्ही हेल्मेटला गोंड्याची झालर आणि आंब्याचं पान लावलं. फोटोत वाईट नाही दिसलं. मंडळाच्या अध्यक्षबाई अजून बोलत नाहीत माझ्याशी.

ढोलपथक पुढे, मग लेझीमच्या मुली, मग आम्ही. पहिली दहा मिनिटं फार वाईट गेली. लहान मुलं गाडीसमोर धावतात, कोणीतरी फुलं उधळतं, रांगोळीवरून चाक घालायचं नाही म्हणून पुढची अचानक वळते. मी मनात "थरथर, थरथर" म्हणत क्लच धरून ठेवला होता, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. एका चौकात रांगोळी वाचवायला पूर्ण उजवीकडे वळावं लागलं. बोटं आपोआप ब्रेककडे निघाली. निघाली आणि थांबली. मान वळवली, कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या पाटीवर नजर ठेवली, आणि गाडी वळून गेली. कोणालाही काही दिसलं नसेल. मी मात्र हेल्मेटच्या आत मोठ्याने "चार!" ओरडले.

आमच्यातली एक पडली. तिच्यामागे मी होते. इंजिन बंद केलं, गाडी स्टँडला लावली आणि तिला म्हटलं, बाजूला हो. साइड स्टँड उघडला, पाठ केली, बूड टेकवलं, उचलली. नऊवारीत. मंडळाच्या बायकांनी शिट्ट्या मारल्या. तिला काही लागलं नाही, फेटा मात्र गडगडत लेझीमवाल्या मुलींच्या पायात गेला.

गाडी इंजिनपाशी तापते हे मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. दीड तासाने मांड्यांना चटका बसायला लागला, तेव्हा जिथे मिरवणूक थांबेल तिथे इंजिन बंद करत गेले. डावा पंजा दुसऱ्या दिवशी चहाचा कप धरताना थरथरत होता.

पुढच्या महिन्यात नवऱ्याबरोबर सप्तशृंगी गडावर जायचं म्हणतेय. नांदुरीपासूनचा घाट. मीच चालवणार, तो मागे.

मोगरा

वा गं!!! गोंड्याच्या झालरीचा फोटो टाक.

क्लचवायर

घाटात मागे माणूस बसवून जाणार असाल तर मागच्या टायरची हवा वाढवा, किती ते चेनगार्डवर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं. उतारावर नुसत्या ब्रेकवर येऊ नका, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला गाडी इंजिननेच धरून ठेवा. ब्रेक तापून मऊ पडले की मग आठवून उपयोग नाही. आणि चढावर थांबून निघताना मागचा ब्रेक धरून, क्लच थरथरला की मगच ब्रेक सोडा. हे आधी एखाद्या उड्डाणपुलाच्या नाहीतर पार्किंगच्या चढावर नवऱ्याला मागे बसवून करून बघा. एकटीने करणं आणि मागे ऐंशी किलो बसवून करणं, दोन वेगळ्या गोष्टी.

द्राक्षबाग

दिंडोरी मार्गे याल तर सकाळी लवकर या, ट्रॉल्या दहानंतर वाढतात. घाटात माकडं असतात. खाऊची पिशवी हँडलला लटकवू नका, मागून हिसकतात आणि हँडल त्यांच्यासोबत जातं.

येझदीवाला

शेवंतीताई, एक कबुली. तुमचा वृत्तांत वाचून काल पहाटे नातवाला घेऊन मैदानावर गेलो. तो रांगोळीचा डबा घेऊन आला होता, दोन रेषा मारल्या. येझदी बाहेर काढली. सेहेचाळीस वर्षं चालवतोय म्हणून त्याला ऐट दाखवली.

सहा वेळा प्रयत्न केला. सहाही वेळा अर्ध्यात पाय टेकला. नातू त्याच्या सायकलवर पहिल्याच खेपेला पार गेला आणि वर मला म्हणतो, "आजोबा, तुम्ही खाली बघता."

रविवारी कोण कोण येतंय? सहा वाजता. रांगोळी महाग पडते, चुन्याची पिशवी कोणाकडे असेल तर आणा.

मखमलाबादी

मी येतो. चुना आहे, घराचं काम चालू आहे.

सातपूरकर

फुकट आहे ना?